पेटीपुढचा धूप

"धूर येतोय, आजी. पेटी खोटं बोलत नाही."

शलाका मॅडमनी आपला मोबाइल आत्यांच्या पुढं धरला. आत्यांनी मोबाइलकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या पेटीकडं, मग माझ्याकडं. मी भाकरी थापत होते. माझा हात परातीतच थांबला.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, बयजाबाई. आमच्यात सासूला आत्या म्हणायची रीत आहे. मी वैशाखात लग्न होऊन त्यांच्या घरी आले होते. आता दिवाळी नुकतीच सरली होती, अंगणात भाताच्या उडव्या रचलेल्या होत्या, आणि माझी घरातली भीड अजून पुरती चेपलेली नव्हती.

"रोज दिवेलागणीला धूर दिसतो," मॅडम म्हणाल्या. "सकाळी नाही, दुपारी नाही. नेमका दिवेलागणीला. जुनी चूल कोण पेटवतं?"

"जुनी चूल हाय कुठं पेटवायला?" आत्या म्हणाल्या. "तुमच्या म्होरंच फोडली की."

ते खरं होतं. पावसाच्या तोंडावर मॅडमच्या संस्थेनं वाडीत नव्या शेगड्या वाटल्या. लोखंडी, बुटक्या, पोटात हवा खेळवणाऱ्या. चार काटक्यांत भाकरी व्हायची आणि धूर म्हणाल तर नावाला. शेगडी घेणाऱ्यानं आपली मातीची चूल फोडायची आणि घरातला धूर मोजणारी पांढरी पेटी भिंतीवर लावू द्यायची, अशी अट होती. वाडीतल्या बाया दिवसभर कुरकुरल्या. चूल काय मडकं आहे, फोडा म्हटलं की फोडली? आत्यांनी मात्र चुलीला हळदकुंकू वाहिलं, तिच्या वैलावर पदराचं टोक फिरवलं, आणि कुदळीचा पहिला घाव स्वतःच घातला. फुटलेल्या मातीचा एक गोळा बाजूला ठेवून बाकीची आंब्याच्या बुंध्याला नेऊन घातली. "पोटभर जेवू घातलंस माय," एवढंच म्हणाल्या.

त्यांना शेगडी हवीच होती. कारण त्यांची छाती. जन्मभर चुलीपुढं फुंकर घालून घालून त्यांचा श्वास आखूड झाला होता. दोन वाक्यं बोलल्या की खोकला, खोकला थांबला की शिट्टीसारखा आवाज. मी सासरी आले तेव्हा पाणवठ्यावर धोंडाबाई मला म्हणाली होती, "तुझी सासू म्हंजे या डोंगराची कोकिळा व्हती, पोरी. जात्यावर बसली की खालच्या वाडीतल्या बाया दळण थांबवायच्या. आता बघ, नुसता भाता राहिलाय लोहाराचा."

मी ते गाणं ऐकलं नव्हतं. मी फक्त भाता ऐकला होता, रोज रात्री, पडदीच्या पलीकडून.

शेगडी आली आणि श्रावण सरता सरता तो भाता धीमा पडला. भादव्यात एका पहाटे मी जागी झाले तर पलीकडून काहीच आवाज नाही. धावत जाऊन पाहिलं तर आत्या लेकरासारख्या झोपलेल्या. त्या दिवसापासून मी शेगडीला पाय लागू देत नव्हते.

आणि आता मॅडम सांगत होत्या, "अजून एक महिना पेटीनं धूर दाखवला तर शेगडी परत न्यावी लागेल. मला नाइलाज आहे. शेगड्या थोड्या आणि मागणारी घरं पुष्कळ. तुमच्या शेजारच्या वाडीत लोक रांगेत आहेत."

"मॅडम," मी पहिल्यांदाच तोंड उघडलं, "देवाशपथ सांगते, या घरात धूर नाही होत. मीच तर स्वैपाक करते."

"मग पेटीला काय स्वप्न पडतं?"

मॅडम वाईट नव्हत्या. कळसूबाईच्या या अंगाला एसटी दिवसातून एकदाच यायची, तिनं येऊन घरोघर पायपीट करायच्या, चपलेचा अंगठा तुटला तर बाभळीच्या काट्यानं टोचून घ्यायच्या. मी त्यांना म्हटलं, "चहा घ्या. दिवेलागण होईस्तोवर बसा. तुमच्या डोळ्यांनीच बघा."

त्या बसल्या. ऊन डोंगरावर चढून गेलं. गुरं परतली. मी पडवीतल्या तुळशीपाशी दिवा लावून आत आले, आणि आत्या उठल्या. शेगडीतला निखारा त्यांनी चिमट्यानं उचलला, मातीच्या छोट्या धुपाटण्यात ठेवला, वर रानातल्या धुपाचा खडा टाकला. निळसर, गोड वासाची रेघ उठली. आत्या धुपाटणं घेऊन भिंतीपाशी गेल्या आणि त्या पांढऱ्या पेटीला ओवाळू लागल्या. एकदा, दोनदा. पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकला आणि लाल झाला.

मॅडमच्या हातातली कपबशी वाजली.

"अहो आजी! हाच की तो धूर!"

आत्या गोंधळल्या. "हा?"

"हाच!"

"धुपाला कुणी धूर म्हनतं का?" आत्या म्हणाल्या. मला त्या दोघींचे चेहरे बघून असं हसू फुटलं की मी पदर तोंडात कोंबला. मॅडमही हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. या धुपानं पेटी लाल होत असेल, असं मलाही कधी वाटलं नव्हतं. आमच्याकडं नवी वस्तू घरात आली की तिची पूजा होते. विळ्याची होते, मुसळाची होते, भिवानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, जुनी मोटरसायकल आणली तर तिचीही झाली होती. पेटीची रोज का, हे मात्र मी विचारलं नव्हतं. म्हातारं माणूस, एकेक लागतं मनाला.

"सुटलो," मॅडम म्हणाल्या. "आजी, धूप तेवढा बंद करा. झालं काम."

आत्यांचं हसू मावळलं.

"त्ये न्हाई जमायचं."

"अहो, मग बाहेर अंगणात लावा."

"भाताच्या उडव्या दिसत न्हाईत का? झोडपणी हुईस्तोवर अंगणात इस्तू न्यायचा नसतो. वारा कसला हाय बघा."

"मग देवापुढं उदबत्ती लावता तशी..."

"देवाला काय, फूल बी चालतं. ह्यो धूप देवाचा न्हाई."

"मग कुणाचा?"

धुपाटणं खाली ठेवून आत्यांनी त्यावर पसा धरला, जणू कुणी ते हिसकावून घेणार होतं.

त्या रात्री जेवताना मी विनवलं. आत्या, शेगडी गेली तर पुन्हा तीच चूल, तोच धूर, तीच छाती. कशापायी हा हट्ट? आत्या भाकरीचा तुकडा कालवणात बुडवत राहिल्या. मग म्हणाल्या, "सांगितलं की पुण्य उतरतं, चांगुणे."

"मला पुण्य नको. मला तुमची झोप पाहिजे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. सासरी आल्यापासून माझ्या तोंडून असं काही निघालं नव्हतं. त्यांनी आपल्या ताटातला गुळाचा खडा माझ्या ताटात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पुन्हा धूप लावला.

मी भिवाला सांगितलं. तो म्हणाला, "आईचं डोकं म्हंजे डोंगर. वळसा घालायचा, खोदायचा न्हाई." आणि भाजीचा टेम्पो घेऊन संगमनेरला गेला.

महिना भरायच्या आत मॅडम परत आल्या, पण एकट्या नाही. खाली रस्त्याला एक उंच काळी गाडी थांबली आणि तिच्यातून मॅडमच्या मागोमाग एक बाई उतरल्या. पन्नाशीच्या असतील. अंगात साधी सुती साडी होती, पण ती साधी असायला फार पैसे लागले असावेत, असं तिच्या पोतावरून मला वाटलं. चढ चढताना त्यांनी पायातले बूट दोनदा सावरले. मी लोटाभर पाणी पुढं केलं. त्यांनी आढेवेढे न घेता प्यायलं, हे मला आवडलं.

"या मृणालबाई," मॅडम हळूच म्हणाल्या. "आपल्या वाडीचा वाचलेला धूर ज्यांच्या कंपनीनं घेतलाय ना, त्या."

मला वाडीतली ती बैठक आठवली. शेगड्या वाटायच्या आधी मॅडमनी सगळ्या बायांना देवळापुढं बसवून समजावलं होतं. शहरातल्या मोठ्या मंडळींच्या विमानांचा, कारखान्यांचा पुष्कळ धूर होतो, त्यानं जगाची हवा तापते, पाऊस रुसतो. म्हणून ते जेवढा धूर करतात तेवढा तुम्ही इथं वाचवायचा, त्याचे पैसे ते देतात, त्यातून तुम्हाला शेगडी फुकट. धूर विकत घेतात म्हटल्यावर बायांची हसून मुरकुंडी वळली होती. "मग खोकला बी घ्या म्हनावं, जोडीनं देऊ!" असं कुणी म्हणालं. धोंडाबाई तर उठून उभीच राहिली होती. "म्हंजे असं म्हना की, जेवायचं त्यांनी आन् उपास धरायचा आमी!" मी तेव्हा मागं चुलाणावर सगळ्यांचा चहा करत होते. हसण्याच्या गलक्यात आत्यांनी काहीतरी विचारलं आणि मॅडमनी हसून काहीतरी उत्तर दिलं, एवढं लांबून दिसलं. ऐकू आलं नाही.

मृणालबाई जमिनीवर घोंगडीवर बसल्या. शेगडी पाहिली, पेटी पाहिली. आत्यांना म्हणाल्या, "आजी, आता त्रास कमी आहे ना खोकल्याचा?"

"व्हय. देव तुमचं भलं करो. झोप लागती."

"मग ही शेगडी तुमच्याकडंच राहावी असं मला वाटतं. शलाकानं सांगितलं मला धुपाचं. नियम माझ्या एकटीच्या हातात नाहीत हो. पेटी लाल झाली की तो धूर वाचला असं धरत नाहीत. मी मुद्दाम आले. तुम्ही कुणासाठी लावता हा धूप?"

आत्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी हात जोडले, खरंच जोडले. बाहेर ऊन उतरत होतं. दिवेलागण जवळ आली होती.

"तुमच्यासाठीच की," आत्या म्हणाल्या.

"माझ्यासाठी?"

"तुमच्या मान्सांसाठी. त्या बैठकीत म्या इचारलं व्हतं या पोरीला. त्यांचं इमान वर आसताना आमची चूल पेटली, धूर झाला, तर काय व्हतं? तर ही म्हनली, मग काय, हिशेब चुकला, इमान आलं खाली." आत्यांना धाप लागली. त्या थांबल्या. "तवापासून मला घोर. इतकी मान्सं वर. लेकरंबाळं आसतील त्यात. माझ्या चुलीच्या भरवशावर त्यांचा जीव टांगलेला. चुकून कुनाच्या घरी धूर झाला, सुनेच्या हातून दूध उतू गेलं, लाकूड वलं निघालं... म्हनून रोज दिवा लागताना पेटीला धूप दावते. म्हनते, बाई, त्यांना नीट घरी पोचव."

शलाका मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता.

"आजी," त्या पुटपुटल्या, "मी गमतीनं म्हणाले हो. गमतीनं. तसं काही नसतं. विमान नाही पडत."

"न्हाई पडत?"

"नाही. अजिबात नाही."

आत्यांनी मोठा श्वास सोडला. उन्हाळा-पावसाळा डोक्यावरचा भारा वाहून आणावा आणि अंगणात टाकावा, तसा. क्षणभर मला वाटलं, संपलं, आता धूप नाही, शेगडी आमची. पण आत्या विचारातच होत्या.

"बरं झालं बाई, न्हाई पडत ते," त्या म्हणाल्या. "पर तो धूर माझ्या नावावर हाय ना?"

"नाही, नाही," मृणालबाई पुढं सरकल्या. "तुमच्या नावावर कसा असेल? आमचा आहे तो. आम्ही करतो तो धूर."

"मग पेटी माझ्या घरी कशी?"

आत्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. पोरीनं आईला विचारावं, आज चांदोबा अर्धाच का, तसं त्यांनी विचारलं होतं. भिंतीवर हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता. मृणालबाईंनी त्याच्याकडं पाहिलं, खूप वेळ, पहिल्यांदाच पाहावं तसं.

"तुमचं कोन आसतं वर?" आत्यांनीच विषय बदलला. पाहुण्याला गप्प बसवणं त्यांना आवडायचं नाही.

"आमच्या घरातलं कुणी ना कुणी रोजच असतं, आजी. मी असते, हे असतात. मुलगी तर आठवड्यात तीन गावं करते."

"नाव काय लेकीचं?"

"मुक्ता."

"आगं माझी बाय! आपल्यातलंच नाव की." आत्यांचा चेहरा फुलला. "आन् कुनी धूप लावतं का न्हाई तिच्यासाठी?"

मृणालबाईंनी मान हलवली. नाही.

मग आत्या उठल्या. फळीवरून त्यांनी धुपाच्या खड्यांची पुरचुंडी काढली. पळसाच्या पानात बांधलेली. मग ते धुपाटणं आणलं, काठ काळवंडलेलं, बोटांचे ठसे दिसणारं. दोन्ही वस्तू त्यांनी मृणालबाईंच्या ओंजळीत ठेवल्या.

"हितं पेटी हाय, म्हनून मला लावता येत न्हाई. तुमच्या घरी पेटी न्हाई. तुमी लावा."

मृणालबाई धुपाटण्याकडं बघत राहिल्या. "पण आजी, आमच्याकडं निखारा कुठला? आमच्या घरात विस्तव नसतो."

"इस्तू नसतो?" आत्या चकित झाल्या. "एवढ्या मोठ्या घरात?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं, जणू मला तरी हे ठाऊक असेल. मग त्यांना त्या बाईंची फार दया आली असावी. त्यांनी मृणालबाईंच्या गालावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली. "आसू दे. कुठून तरी मागून आन. इस्तू मागायला लाज नसते. आमी बी शेजारून मागूनच आनत आलो जलमभर."

'तुमी'वरून त्या 'तू'वर आल्या होत्या आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

"हे धुपाटणं तुम्ही केलंय?" मृणालबाईंनी विचारलं.

"फोडलेल्या चुलीच्या मातीचं हाय. येक गोळा ठिवला व्हता." आत्या हसल्या. "जपून ने. लई पोटं भरलीत तिनं."

तेव्हा मला कळलं, बाजूला ठेवलेला तो गोळा कुठं गेला होता.

मृणालबाई निघाल्या. धुपाटणं त्यांनी पर्समध्ये टाकलं नाही. पदरात धरून चढ उतरल्या. घसरडीला मॅडमनी हात दिला तरी त्यांनी धुपाटण्याचा हात सोडला नाही. खाली काळ्या गाडीचे दिवे लागले, वळणावर एकदा झळकले, आणि गाडी दिसेनाशी झाली. मागं धुळीचा आणि गाडीचा वास थोडा वेळ चढावर रेंगाळला.

दिवेलागण झाली. मी तुळशीपाशी दिवा ठेवला. आत्या सवयीनं शेगडीपाशी गेल्या, चिमटा हातात घेतला, आणि तशाच उभ्या राहिल्या. धुपाटणं नव्हतं. धूप नव्हता. पेटीवरचा दिवा हिरवाच होता. रिकाम्या हातांचं काय करावं हे त्यांना समजत नव्हतं, आणि मला तर त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

मग त्या बाहेर आल्या. उडव्यांच्या कडेला, जिथून पश्चिमेचं आभाळ सगळं मोकळं दिसतं, तिथं दगडावर बसल्या. नव्या भाताचा वास सुटला होता. दूर, डोंगराच्या खांद्यावर, एक बारीक दिवा सरकत होता. तारा नव्हता. आमच्या वाडीवरून संध्याकाळी एक विमान जायचं, सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी मान वर करत नव्हतं.

आत्यांनी मान वर केली. आणि गळा साफ करून, अगदी हलक्या आवाजात, सुरू केलं.

*आभाळाच्या वाटे कोण चालली लांबून*
*माझ्या चुलीनं धरला धूर पदरी बांधून*

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मला वाटलं, आता खोकला येईल, आता ओळ तुटेल. ओळ तुटली नाही. श्वास शेवटच्या अक्षरापर्यंत पोचला, तिथं क्षणभर टेकला, आणि वळून दुसरी ओवी घेऊन आला.

*आभाळाच्या वाटे नको काटा नको खडा*
*मुक्ताच्या आईनं दरवाजा ठेवला उघडा*

शेजारच्या पडवीत धोंडाबाईचं सूप वाजत होतं, ते थांबलं. पलीकडच्या घरातही काहीतरी थांबलं. सगळी वाडी कान देऊन उभी राहिल्यासारखी झाली. "बयजे!" अंधारातून धोंडाबाईची हाक आली, अर्धी हसणारी, अर्धी रडणारी. "आगं, व्हतीस कुठं इतकी वर्सं?"

आत्यांची मान वरच होती. त्या दिव्याकडं बघत होत्या.

शेगडी राहिली. आत्या त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या आणि त्यांचा आवाज त्यांच्याआधी गेला नाही. संस्थेचं काम संपलं, शलाका मॅडम बदलून गेल्या, पेटीतला दिवा कधीतरी विझला. ती न्यायला कुणी आलं नाही. अजून खिळ्यावर आहे, तिच्या मागं चिमणीनं काड्या खोचल्यात. मृणालबाई परत आल्या नाहीत. त्या धुपाटण्यात कधी विस्तव पडला की नाही, मला माहीत नाही. पाऊस आता पूर्वीसारखा वेळेवर येत नाही, एवढं मात्र वाडीत सगळ्यांना माहीत आहे.

पण आत्या होत्या तोवर एक गोष्ट चुकली नाही. संध्याकाळी ताटं वाढलेली असायची, भिवा भुकेनं कासावीस व्हायचा, भाकरी निवायची. आत्या बाहेर दगडावर बसलेल्या असायच्या, मान वर करून. दिवा सरकत सरकत डोंगराआड जायचा. मग गुडघ्यावर हात टेकून त्या उठायच्या आणि आत येऊन म्हणायच्या,

"पोचली गं मुक्ता. चला, जेवून घ्या आता."